आजीची एक मूठ म्हणजे ३५ ग्रॅम

फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला गोड खावंसं वाटलं, तर त्याने घरी गॅस पेटवायची खरं म्हणजे काही गरज नाही. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवली की भारतीय किराणा दुकानं आहेत, मिठाईची दुकानं आहेत. फ्रीझरमध्ये पुरणपोळ्या मिळतात. गणपतीत उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे करून देणाऱ्या ताई आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सापडतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाने दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीतही घेतलं. म्हणजे सगळं आहे. तरीसुद्धा सणवार जवळ आले, की इथल्या घराघरांत कंडेन्स्ड मिल्कचे डबे फुटायला लागतात आणि बेसन भाजल्याचा वास लागून स्मोक अलार्म ओरडायला लागतात. विकत मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं मलाही आधी वाटायचं. इतक्या वर्षांत काही घरांतले गोड पदार्थ खाल्ले आणि त्यांच्यामागच्या गोष्टी ऐकल्या, तेव्हा कुठे थोडं थोडं कळायला लागलं.

आमच्या ओळखीच्या एक काकू नाइल्समध्ये राहतात. नाइल्स म्हणजे फ्रीमाँटचाच एक भाग. १९५६ साली पाच छोटी गावं एकत्र येऊन हे शहर झालं, त्यातलं एक. चार्ली चॅप्लिनच्या १९१५ च्या ‘द ट्रॅम्प’चं चित्रीकरण इथे झालं होतं, हे इथली मंडळी पाहुण्यांना हमखास सांगतात. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. डाळीचं पीठ हवं तर गाडी काढून लांब जायचं, आणि खव्याचं तर नावच नको. पहिल्या दिवाळीला त्यांनी गुलाबजाम केले ते बिस्क्विकचे. बिस्क्विक म्हणजे अमेरिकन लोकांचं पॅनकेकचं तयार पीठ. मैदा, फॅट आणि बेकिंग पावडर त्यात आधीच मिसळलेली असते. दोन कप मिल्क पावडर, एक कप बिस्क्विक, मळायला कोमट दूध, आणि पाकात वेलची. मिल्क पावडर खव्याचं काम करते आणि बाकीचं मोजमाप कंपनीने आधीच करून ठेवलेलं असतं. काकूंची सूचना एकच: गोळे लहान वळा आणि मंद आचेवर तळा, कारण ते तळताना चांगलेच फुगतात.

भारतात फोन लावणं तेव्हा परवडायचं नाही. आईला काही विचारायचं तर पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत सण होऊन जायचा. मग अशा कृती इथल्याच मैत्रिणींनी एकमेकींना दिल्या. गंमत पुढे आहे. काकूंच्या सुनेने मागे एकदा दुकानातून खवा आणून रीतसर गुलाबजाम केले. सुरेख झाले होते. पण काकूंचा चाळिशीतला मुलगा पहिला घास खाऊन म्हणाला, “छान आहेत, पण हे आपले नाहीत ना?” त्याच्या लेखी आईच्या हातचे अस्सल गुलाबजाम म्हणजे बिस्क्विकचेच! आपण ज्याला तडजोड म्हणतो, ती पुढच्या पिढीची परंपरा होऊन बसते ती अशी.

आमच्या घरातली पेढ्यांची गोष्ट २०२३ ची. त्या वर्षाच्या सुरुवातीला बे एरियात ले-ऑफची लाट आली होती, त्यात नवऱ्याची नोकरी गेली. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, की नवीन शोधायला त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. नाही तर बायकामुलांसकट सामान बांधायचं. लेक तेव्हा सहावीत, शाळेचं वर्ष अर्ध्यावर आलेलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मी रोज एक फुली मारत होते. पुण्याला सासूबाईंना काहीच कळवलं नव्हतं. उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला! बाविसाव्या दिवशी एक इंटरव्ह्यू शेवटच्या फेरीत फिसकटला, त्या रात्री आम्ही दोघांनी गॅरेजमधल्या रिकाम्या बॅगा मोजल्या होत्या.

बावन्नाव्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास ऑफर लेटर आलं. आधी कुणी काही बोललंच नाही. मग लेक म्हणाली, “आई, पेढे?” दुकानं बंद झालेली. घरात कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा होता, मिल्क पावडर होती आणि बटर होतं. पुरेसं होतं!

कृती अगदी सोपी आहे. काचेच्या मोठ्या बोलमध्ये अर्धी स्टिक बिनमिठाचं बटर वितळवायचं. त्यात कंडेन्स्ड मिल्कचा १४ औंसांचा डबा आणि दीड कप मिल्क पावडर घालून गुठळ्या मोडायच्या. मायक्रोवेव्हमध्ये एकेक मिनिट असं तीनदा ठेवायचं, आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून ढवळायचं. हे ढवळणं चुकवू नका, नाही तर दूध उतू जातं आणि कडा करपतात. भांडं मोठं घ्यायचं तेही त्याचसाठी. शेवटी वेलची, जायफळ, दुधात खललेलं केशर. हाताला सोसेल इतकं गार झालं की तूप लावून वळायचे. पंचवीस-सव्वीस पेढे होतात. अमेरिकन मिल्क पावडर दाणेदार असेल तर आधी मिक्सरमधून फिरवून घ्या.

साडेदहाला देवापुढे वाटी ठेवली आणि पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुसऱ्या दिवशीचे दुपारचे बारा. सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या रात्रीचे पेढे कशाचे गं?” तेव्हा सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मला महिनाभर संशय होताच. तू हल्ली फोनवर फार हसत होतीस.”

दुसऱ्या दिवशी पेढे शेजारी दिले. आमच्या शेजारी अफगाण कुटुंब आहे. १९७९ नंतर अफगाणिस्तानातून निघालेली कितीतरी कुटुंबं फ्रीमाँटला आली. सेंटरव्हिलच्या एका भागाला लिटल काबूल असंच म्हणतात. खालेद हुसैनी यांच्या ‘द काइट रनर’ कादंबरीतले बापलेक इथेच येऊन राहतात. शेजारच्या आजींनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “शीर पिरा!” त्यांच्याकडेही मिल्क पावडर, साखर आणि वेलचीची अशीच मिठाई असते, वर पिस्ते पेरलेली. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं, मला त्यांची दरी मुळीच येत नाही. पण आनंदाची बातमी आहे, एवढं त्यांना न सांगता कळलं.

आणखी दोन सोप्या गोष्टी, नव्याने इकडे आलेल्यांसाठी. पाडव्याच्या श्रीखंडाला साधं दही घेऊ नका. होल मिल्कचं ग्रीक योगर्ट घ्या. ते आधीच गाळलेलं असल्यामुळे फडक्यात बांधून तीन-चार तास फ्रिजमध्ये टांगलं तरी चक्का तयार. पण साखर मात्र घरीच दळा. इथल्या विकतच्या पिठीसाखरेत कॉर्नस्टार्च असतो आणि श्रीखंडाला पिठूळ चव येते. दुसरं म्हणजे रिकोटा चीजचा कलाकंद. १५ औंसांचा रिकोटा आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबा जाड बुडाच्या कढईत एकत्र करून मिश्रण कडा सोडेपर्यंत परतायचं, आणि ताटात थापायचं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पॉटलकला नेलं तर ताट रिकामंच परत येतं.

आता लाडवांबद्दल. आई २०२२ च्या मे महिन्यात इकडे आली. सहा महिन्यांचा मुक्काम, म्हणजे दिवाळी इथेच. बेसनाचे लाडू ही तिची खासियत. मी कित्येकदा फोनवर विचारून केले होते, पण तिच्यासारखे कधी झाले नाहीत. कारण तिची कृती ऐका: “बेसन घे बेताचं, तूप लागेल तसं, साखर आपल्या अंदाजाने.” आपल्याकडे १८७५ साली ‘सूपशास्त्र’ छापून आलं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी नव्या नवऱ्या स्वयंपाक शिकल्या. माझ्याही बॅगेतून ती इथे आली. पण आईने पुस्तक कधी उघडलं नाही. तिचं माप तिच्या हातात.

मग लेकीने सूत्रं हाती घेतली. तिला शाळेत विज्ञानाच्या प्रयोगाची वही करायला नुकतंच शिकवलं होतं. तिने किचनचा वजनकाटा मांडला, वर बोल ठेवला आणि आजीने मूठ भरली की “आजी, थांब!” म्हणून आकडा लिहून घ्यायची. पहिली मूठ ३४ ग्रॅम, दुसरी ३६, तिसरी ३५. आठही मुठी याच आसपास. आई वैतागून म्हणाली, “अगं, लाडू करायचेत की औषध?” पण मग तिलाच गंमत वाटायला लागली. तूप घातलं, भांडं पुन्हा काट्यावर. साखर घातली, पुन्हा काट्यावर. वहीत नोंद झाली ती अशी: बेसन २८० ग्रॅम, तूप १४० ग्रॅम, दळलेली साखर २०० ग्रॅम, लाडू १९. मंद आचेवर ३२ मिनिटं भाजणं. गॅस बंद केल्यावर दोन चमचे दुधाचा हबका, त्याने बेसन फुलतं आणि लाडू रवाळ होतो. आणि शेवटची ओळ इंग्रजी-मराठी मिसळून: “आजी म्हणते, रंगावर जाऊ नको, वास बदलला की थांब.” तूप घरचंच, बिनमिठाच्या चार स्टिक बटरचं कढवलेलं.

आई नोव्हेंबरमध्ये परत गेली. पुढच्या वर्षी ती साताऱ्याच्या घरात तेच तेच दोनदा विचारायला लागली. आधी वाटलं, वय झालं. मग दादा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला, तेव्हा विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असल्याचं कळलं. फोनवर ती मला ओळखते, जावयाची चौकशी करते. लेक कितवीत आहे, ते मात्र तीनदा सांगावं लागतं.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या सकाळी साडेसहाला, तिकडच्या संध्याकाळी सातला, तिचा फोन आला. वहिनीने लावून दिला होता. म्हणाली, “अगं, बेसनाचे लाडू कसे करायचे? मला सुचतच नाहीये. इथे परात घेऊन बसलेय.” मला बोलवेना. लेक शाळेची तयारी करत होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला, खणातून वही काढली आणि तिच्या त्या अमेरिकन उच्चारांच्या मराठीत सांगायला लागली, “आजी, आधी आठ मुठी बेसन घे. तुझ्या मुठी हं, मामीच्या नको.”

पलीकडे आई एकेक मूठ मोजत होती. पाचव्या मुठीला विसरली, तर दोघींनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. त्या दिवशी शाळेची पहिली बेल चुकली, मी चुकू दिली. लाडू कसे झाले ते वहिनीने फोटो पाठवून कळवलं. एक जरा चपटा, बाकी झकास.

म्हणून वाचकहो, एक सांगावंसं वाटतं. या उन्हाळ्यात कुणाचे आईवडील, कुणाचे सासूसासरे इकडे येणार असतील. त्यांना नायगारा दाखवा, गोल्डन गेट दाखवा. पण एक दुपार घरात काढा, ओट्यावर वजनकाटा मांडा आणि नातवंडाच्या हातात वही-पेन द्या. तिकडे राहणाऱ्यांनीही आपल्या घरातल्या आजीची मूठ एकदा मोजून ठेवायला हरकत नाही. तासाभराचं काम आहे, आणि शेवटी लाडू तर मिळतातच.