परक्या निशाणाखालचा आपला वीर

पराक्रमाचे मोल ठरविताना तो कोणत्या निशाणाखाली घडला हे पाहावे काय, हा प्रश्न स्वातंत्र्यलढ्याचा वारसा सांगणाऱ्या समाजाला टाळता येत नाही. तरीही आपण तो बहुधा टाळीतच आलो आहोत. म्हणूनच १० जुलै ही तारीख येते आणि फारशी कोणाच्या ध्यानात न येता निघून जाते. १९४४ साली याच दिवशी कोकणातील माणगाव तालुक्याचे सुपुत्र नाईक यशवंत घाडगे इटलीच्या भूमीवर धारातीर्थी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च युद्धसन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे बावीस!

त्या वर्षीच्या जून महिन्यात रोम पडले होते. जर्मन सेना एकेक टेकडी लढवीत उत्तरेकडे हटत होती आणि टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिच्या पाठीवर असलेल्या दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. घाडगे यांची तुकडी पुढे सरकत असता अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. पाहता पाहता तुकडीतील सारे जवान मृत वा जखमी होऊन पडले. उभे राहिले ते एकटे नाईक घाडगे. त्यांनी माघार घेतली असती तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. परंतु ते तसेच मोर्चावर धावून गेले. हातबाँब फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा अशी दोन्ही निकामी केली, टॉमीगनने आणखी एकास टिपले. गोळ्या संपल्या आणि नवे मॅगझिन चढविण्यास उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याच्या घावांनी लोळविले. मोर्चा पडला, पण लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी घाडगेही कोसळले. त्यांचा देह पुढे सापडला नाही. कासिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या समाधीचा ठाव नाही अशा सैनिकांत त्यांचे नाव कोरलेले आहे. सन्मानपदक व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून त्यांच्या वीरपत्नीने स्वीकारले.

हा प्रसंग ऐकताना मान ताठ होते आणि त्याच क्षणी मनात काटाही रुततो. ज्या साम्राज्याने १९११ सालापर्यंत हिंदी सैनिकाला या पदकास पात्रच मानले नव्हते, त्याच साम्राज्यासाठी हे रक्त सांडले. ‘छोडो भारत’ची हाक देऊन दोन वर्षे होत आली, तरी देशाचे अनेक नेते तुरुंगातच होते. त्याच दिवसांत इंफाळच्या आघाडीवर आझाद हिंद सेनेचे जवान त्याच साम्राज्याशी झुंजून उपासमारीत माघारी फिरत होते. मग खरा वीर कोणता? इंफाळचा की इटलीचा?

आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. युद्ध पुकारणे हा राज्यकर्त्यांचा निर्णय असतो. त्याचे पाप वा पुण्य त्यांच्या पदरी. कोकणच्या खडकाळ जमिनीत पिकणारे धान्य वर्षभर पुरत नसे, म्हणून एखादा मुलगा मुंबईच्या गिरणीत जाई, एखादा बोटीवर, तर एखादा पलटणीत. पलटणीत गेलेल्या तरुणाला साम्राज्याची गणिते कोणी समजावून सांगितली नव्हती. त्याने शब्द दिला होता तो शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याला, आणि तो त्याने प्राण देऊन पाळला. शिवाय समोर होती ती हिटलरची सेना. फॅसिझमचा धिक्कार आपल्या राष्ट्रीय चळवळीनेही केला होता. तिचे भांडण होते ते ‘आम्हांला न विचारता आम्हांला युद्धात लोटू नका’ एवढेच. साम्राज्याला दोष देणे आणि सैनिकाला वंदन करणे यांत म्हणूनच कोणतीही विसंगती नाही.

आम्हां गोमंतकीयांना तर या कथेकडे परक्यासारखे पाहताच येणार नाही. स्वातंत्र्यानंतर घाडगे यांची हीच पलटण छत्रीधारी सैन्यात सामील होऊन दुसरी पॅरा (मराठा) म्हणून ओळखली जाऊ लागली. डिसेंबर १९६१ मध्ये उसगावच्या वाटेने फोंड्याकडे जे जवान निघाले, ते याच पलटणीचे. ज्या परंपरेतील एक तरुण १९४४ साली परक्या राजासाठी लढता लढता पडला, त्याच परंपरेने सतरा वर्षांनी आमच्या पायांतील बेड्या तोडल्या. शौर्य तेच होते, शिस्त तीच होती; बदलले होते ते निशाण आणि हुकूम देणारे सरकार. स्वातंत्र्याने नेमके काय दिले, असे विचारणाऱ्यांस याहून बोलके उत्तर आम्हांस सुचत नाही.

माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे. परंतु पुतळा उभारला की स्मरणाचे कर्तव्य संपले, अशी आपली समजूत झालेली दिसते. तिकडे इटलीतील माँतोने या छोट्याशा गावाने जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली नांदतो, असा बोध त्यावर कोरलेला आहे. इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक लढले आणि साडेपाच हजारांहून अधिक तेथेच कायमचे राहिले. त्यांच्यातील एकाची आठवण त्या भूमीने इतक्या वर्षांनी जागविली.

आम्ही मागतो ते फार नाही. फोंड्याच्या वा म्हापशाच्या शाळेत मुक्तिदिनी ध्वज फडकताना गुरुजींनी मुलांना दोन शब्द जास्त सांगावेत. जी पलटण आपल्या दारी स्वातंत्र्य घेऊन आली, तिच्यात पूर्वी यशवंत घाडगे नावाचा एक कोकणी तरुण होता, आणि सारे सोबती पडल्यावरही तो एकटा पुढे गेला, एवढे मुलांच्या कानी पडले तरी त्या वीराचे ऋण अंशतः फिटेल.