हिवतापाचे औषध आणि जीवनसत्त्वांची ढाल

हिवतापाच्या कडू गोळ्यांनी अंगात ‘उष्णता’ होते आणि तिला ‘क’ जीवनसत्त्वाचा उतारा चालतो, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. तिच्यात तथ्य किती हे पाहावयाचे तर आपल्याला तांबड्या रक्तपेशीत शिरले पाहिजे.

ही पेशी सुमारे १२० दिवस प्राणवायूची हमाली करते. ज्या प्राणवायूने लोखंड गंजते तोच तिलाही गंजवू पाहतो. तिचा बचाव ग्लुटाथिओन नावाचे द्रव्य करते. ते खर्ची पडले म्हणजे पुन्हा ताजे करावे लागते, आणि त्या कामाची रसद जी-सिक्स-पीडी या विकरामुळे मिळते. पेशीच्या आवरणात ‘ई’ जीवनसत्त्व पहारा करते. थकलेल्या ‘ई’ला ‘क’ सावरते.

व्हायव्हॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून बसतात व महिन्यांनी ताप उलटतो. त्यांना हुसकण्यासाठी प्रायमाक्वीन देतात. हे औषध रक्तपेशीतली ही गंजण्याची क्रिया वाढवते. बहुतेकांना ते सोसते. काहींच्या पेशी मात्र पटापट फुटतात, लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात. असे का, याचा उलगडा १९५६ साली शिकागोच्या संशोधकांनी केला : या लोकांत जी-सिक्स-पीडी जन्मतःच कमी असते. हा दोष एक्स गुणसूत्राबरोबर येतो, म्हणून पुरुषांत अधिक दिसतो.

मग त्यांना ‘क’ जीवनसत्त्व भरपूर द्यावे काय? मुळीच नाही! विकराची जागा ते घेऊ शकत नाही. उलट मोठी मात्रा, विशेषतः शिरेतून दिलेली, अशा रोग्याच्या पेशी स्वतःच फोडते. (लिंबाच्या सरबताला कोणी भिऊ नये, ती मात्रा निराळी.)

दुसरीही एक अडचण आहे. थू योयो या चिनी विदुषींना ज्यासाठी २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते आर्टेमिसिनिन जंतूला मारते तेच मुळी या आगीने. जंतू आपले रक्तद्रव्य खातो, त्यातल्या लोहाशी गाठ पडताच औषध पेट घेते. परीक्षानळीत गंजरोधक द्रव्ये घातली तर त्याची धार बोथट झालेली दिसते. परीक्षानळी म्हणजे रोगी नव्हे, हे खरे. पण ढाल आपल्या पेशीच्या हाती जाईल की शत्रूच्या, हे गोळी विचारीत नाही.

तेव्हा प्रायमाक्वीनच्या चौदा दिवसांपूर्वी जी-सिक्स-पीडीची तपासणी करून घ्यावी, हेच आम्हांला अधिक शहाणपणाचे वाटते. दोष निघाला तरी वाट बंद होत नाही : डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली, आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे ते औषध देता येते.