शासकीय रुग्णालयातील परिचारिकापद : जाहिरातीपासून नियुक्तिपत्रापर्यंत

आजाऱ्यांची सेवा हे ख्रिस्ती समाजाचे जुने व्रत आहे. वसई परिसरातील धर्मग्रामांत परिचारिका असलेली कुटुंबे अनेक आहेत, आणि आजही आपल्या कितीतरी मुली, व आता काही मुलगेही, या अभ्यासक्रमाकडे वळत आहेत. शिक्षण पूर्ण झाले की शासकीय रुग्णालयातील कायम पद मिळावे ही त्यांची व त्यांच्या पालकांची इच्छा स्वाभाविक आहे. मात्र रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पालकांच्या तोंडून एक प्रश्न आम्ही वारंवार ऐकतो. "अर्ज भरून वर्ष होत आले, काहीच कळत नाही, कुणाला तरी भेटावे का?" या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत. विलंबाचा मोठा भाग या प्रक्रियेच्या रचनेतच असतो व कुणालाही भेटून तो कमी होत नाही. उरलेला भाग आपल्या कागदपत्रांमुळे होतो, आणि तो मात्र आपल्याला जाहिरातीपूर्वीच दूर करता येतो.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. 'सरकारी भरती' नावाची एकच भरती नसते. जिल्हा रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये व ग्रामीण रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांचा कारभार वैद्यकीय शिक्षण विभाग पाहतो. मुंबईची केईएम, नायर व शीव येथील रुग्णालये महानगरपालिकेची आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील आरोग्यसेविका जिल्हा परिषदेच्या असतात व त्या पदासाठी दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम लागतो. रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या पदासाठी जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग. याशिवाय कर्मचारी राज्य विमा महामंडळ, रेल्वे आणि एम्स यांच्या भरत्या केंद्राच्या अखत्यारीत होतात. एम्ससाठी २०२० पासून 'नॉरसेट' ही देशपातळीवरील सामाईक परीक्षा घेतली जाते व तिच्यात ८० टक्के पदे महिलांसाठी असतात. यांपैकी प्रत्येक ठिकाणची जाहिरात, परीक्षा व प्रतीक्षा वेगळी असते. एकाच दारासमोर उभे राहणाऱ्या उमेदवाराला साहजिकच अधिक थांबावे लागते.

आता विलंबाविषयी. 'सरकारी काम, सहा महिने थांब' अशी म्हण आपल्याकडे आहे. येथे सहा महिने हा अल्पकाळच म्हणावा लागेल. एखाद्या रुग्णालयात परिचारिका अपुऱ्या आहेत हे सर्वांना दिसत असले तरी जाहिरात निघण्यापूर्वी पद आकृतिबंधात मंजूर असावे लागते, त्यासाठी वित्त विभागाची संमती लागते आणि रिक्त पदे कोणत्या प्रवर्गाची याची बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. आरक्षणाच्या कायद्यात बदल झाला की ही बिंदुनामावली नव्याने मांडावी लागते. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये रद्द ठरविला आणि २०२४ मध्ये दुसरा कायदा झाला. अशा प्रत्येक वळणावर अनेक विभागांच्या फायली मागे फिरल्या. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागते. कुणी उमेदवार महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'मॅट'कडे, दाद मागतो व निकाल लांबतो.

परीक्षा झाल्यावरही टप्पे संपत नाहीत. उत्तरतालिका जाहीर होते, तिच्यावर हरकती मागविल्या जातात, परीक्षा अनेक सत्रांत झाली असल्यास गुणांचे सामान्यीकरण होते, मग गुणवत्ता यादी, कागदपत्र पडताळणी, वैद्यकीय तपासणी व पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. उमेदवाराच्या दृष्टीने ही महिनोन्महिन्यांची शांतता असते. कार्यालयात मात्र एखादी हरकत निकाली निघत असते.

ही शांतता किती महागात पडू शकते, हे २०२१ च्या अनुभवावरून दिसते. आरोग्य विभागाच्या गट क व गट ड संवर्गांची परीक्षा त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस व्हावयाची होती. ती अगदी ऐनवेळी पुढे ढकलली गेली, २४ व ३१ ऑक्टोबर रोजी घेतली गेली, आणि प्रश्नपत्रिका फुटल्याचे पोलिस तपासात निष्पन्न झाल्याने अखेर रद्द करावी लागली. त्यानंतरची मोठी जाहिरात, १०,९४९ पदांची, ऑगस्ट २०२३ मध्ये आली व संगणकावरील परीक्षा त्या वर्षाच्या अखेरीस झाली. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या उमेदवारांची दोन वर्षे अशी गेली. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे असताना ही दोन वर्षे क्षुल्लक नव्हेत. शासनाने २०२३ च्या अखेरपर्यंतच्या जाहिरातींसाठी वयात दोन वर्षांची सवलत दिली होती, पण अशा सवलतीवर कुणी आयुष्याचा आराखडा बांधू नये.

परीक्षेबाबत थोडक्यातच सांगतो. राज्यसेवेतील या पदांसाठी सर्वसाधारणपणे १०० प्रश्न व २०० गुण असतात. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी आणि परिचर्येचा विषय. आपल्या मुली परिचर्येच्या विषयात सहसा कमी पडत नाहीत. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना मराठी व्याकरण आणि महाराष्ट्राविषयीचे सामान्य ज्ञान अडवते. शालेय व्याकरणाचे पुस्तक पुन्हा हाती घेण्यास संकोच वाटू नये.

आता कागदपत्रांकडे वळू. येथे आम्हांला काहीसे सविस्तर लिहावयाचे आहे, कारण गुणवत्ता यादीत नाव आलेल्या उमेदवाराचे पद याच टप्प्यावर हातचे जाते. मूळ नियम असा की अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास उमेदवार पात्र असला पाहिजे. त्या दिवशी नोंदणी नसेल, तर नंतर मिळालेली नोंदणी कामास येत नाही.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी ही पहिली गोष्ट. ती एकदा केली म्हणजे कायमची झाली असे अनेकींना वाटते. वस्तुतः तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ज्यांनी कर्नाटकात किंवा अन्य राज्यात शिक्षण घेतले, त्यांची नोंदणी तेथील परिषदेत असते. त्यांना त्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून येथे नोंदणी करावी लागते आणि या पत्रव्यवहारात काही महिने सहज जातात. जाहिरातीची वाट पाहत हे काम ठेवू नये.

दुसरी अडचण खास आपली, ती नावांची. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत दोन-तीन नावे, शाळेच्या दाखल्यावर त्यांतील एकच, आधार कार्डावर घरी हाक मारतात ते नाव. आडनाव एका ठिकाणी घोन्साल्विस तर दुसऱ्या ठिकाणी गोन्साल्विस, इंग्रजी स्पेलिंग तर तीन प्रकारचे! आपणांस ही एकच व्यक्ती आहे हे ठाऊक असते. पडताळणी करणाऱ्या लिपिकास ते ठाऊक असण्याचे कारण नाही. शासकीय कामी शाळा सोडल्याचा दाखला व दहावीचे प्रमाणपत्र यांना आधार मानले जाते, म्हणून इतर सर्व कागद त्यांच्याशी जुळवून घ्यावेत. बाप्तिस्म्याचा दाखला पूरक पुरावा म्हणून कधी उपयोगी पडतो, पण तो शासकीय जन्मदाखल्याची जागा घेत नाही. विवाहानंतर नाव बदलले असेल, तर धर्मग्रामातील विवाहाच्या दाखल्यासोबत राज्याच्या १९९८ च्या कायद्यान्वये केलेली विवाह नोंदणी किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी जवळ असावी. परिचर्या परिषदेच्या दप्तरीही तेच नाव आहे ना, हे पाहून घ्यावे.

तिसरी बाब आरक्षणाची. तिच्याविषयी आपल्या समाजात बरेच अज्ञान आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीस अनुसूचित जातीचा लाभ मिळत नाही. तो अन्याय आहे अशी ख्रिस्तसभेची भूमिका आहे व तिच्यासाठीचा न्यायालयीन लढा जुना आहे, परंतु अर्ज भरताना आजचा नियमच लक्षात घ्यावा लागतो. अनुसूचित जमातींना धर्माची अशी अट लावलेली नाही, त्यामुळे आदिवासी ख्रिस्ती उमेदवार तो दावा करू शकतात. मात्र त्यांच्याकडे जात वैधता प्रमाणपत्र हवे आणि समितीकडून ते मिळण्यास लागणारा काळ भरतीच्या काळाहूनही मोठा ठरू शकतो. ज्या कुटुंबांना कोणतेच आरक्षण नाही, त्यांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या १० टक्के जागा खुल्या आहेत, याची कित्येकांना कल्पना नसते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असल्यास तहसील कार्यालयातून हे प्रमाणपत्र मिळते. ते आर्थिक वर्षाशी बांधलेले असते. गतवर्षीचे जोडून भागत नाही. खुल्या प्रवर्गातील महिलांना महिला आरक्षणासाठी पूर्वी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र द्यावे लागे, ती अट २०२३ मध्ये काढण्यात आली.

विवाहित उमेदवारांनी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राचा नियम नीट वाचावा. २००५ च्या या नियमांनुसार २८ मार्च २००६ नंतर झालेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक होत असेल, तर राज्य शासनाच्या सेवेसाठी उमेदवार अपात्र ठरतो. या नियमाकडे श्रद्धावंतांनी कसे पाहावे हा गंभीर व स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच सांगतो की तिसरे अपत्य लपवून प्रतिज्ञापत्र देणे हे असत्य तर आहेच, शिवाय पुढे कधीही नोकरी घालविणारे आहे. केंद्राच्या भरतीस राज्याचा हा नियम लागू नाही, हे ज्या कुटुंबांस उपयोगी आहे त्यांनी ध्यानात घ्यावे.

निवड यादीत किंवा प्रतीक्षा यादीत नाव आले म्हणजे नोकरी मिळाली, असे मानून पेढे वाटले जातात. कायदा तसे मानत नाही. निवड यादीतील नावामुळे नियुक्तीचा अबाधित हक्क निर्माण होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केले आहे. मात्र शासनानेही मनमानी करता कामा नये, असेही त्याच निकालात म्हटले आहे. प्रतीक्षा यादीची मुदत ठरलेली असते व ती संपली की यादीही संपते. आपला क्रमांक कितवा, किती जण रुजू झाले, किती जागा उरल्या, हे विचारण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. त्याचे शुल्क १० रुपये असून उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. कार्यालयाच्या दहा फेऱ्यांपेक्षा हा एक कागद अधिक उपयोगी पडतो, असे आमचे मत आहे.

या प्रतीक्षेत उमेदवाराने काय करावे? घरी बसू नये, हे आमचे स्पष्ट सांगणे आहे. खासगी वा धर्मभगिनींच्या रुग्णालयात काम करावे. हात चालता राहतो आणि परिचर्येचा विषय पुस्तकाबाहेरही पक्का होतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पदे ठरावीक मुदतीच्या करारावर मिळतात व तेथील अनुभवही मोलाचा असतो. परंतु 'आत शिरले की कधीतरी कायम करतातच' या आशेवर तेथे वर्षे घालवू नयेत. उमादेवी प्रकरणातील २००६ च्या निकालाने, नियमित निवड प्रक्रियेविना लागलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यास कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, हे सांगितले आहे. कंत्राटावर काम करीत असतानाच पुढील परीक्षेचा अर्जही भरत राहावा.

आणि ते 'कुणाला तरी भेटावे का'? परीक्षा संगणकावर होते, गुण जाहीर होतात, यादी सर्वांसमोर लागते. पैसे घेऊन काम करून देतो असे म्हणणारा मनुष्य बहुधा काहीच करीत नाही. शंभर जणांकडून पैसे घेतो, त्यांतील काही जण स्वतःच्या गुणांवर निवडले जातात आणि श्रेय त्याला मिळते. बाकीच्यांची रक्कम बुडते, आणि लाच देणे हाही गुन्हा असल्याने पोलिसांकडे जाण्याचे धैर्य कुणास होत नाही. त्या रकमेसाठी एखाद्या घरी जमिनीचा तुकडा वा आईचे दागिने गेलेले असतात. धर्मगुरूंच्या शिफारसपत्राने गुण वाढतात असे समजून त्यांच्याकडे येणारेही आहेत. धर्मगुरू चारित्र्याचा दाखला देऊ शकतात, गुणवत्ता यादीत जागा नव्हे.

अखेरीस नियुक्तिपत्र येते, तेव्हा पदस्थापनेचे ठिकाण पाहून घरात चिंता पसरते. आरोग्य विभागाची ही पदे परिमंडळनिहाय भरली जातात. ठाणे परिमंडळात पालघर जिल्हाही येतो, आणि वसईच्या मुलीला जव्हारचे कुटीर रुग्णालय किंवा डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय मिळणे अगदी शक्य आहे. अर्ज करतानाच कुटुंबाने याचा विचार केलेला बरा, कारण दूर आहे म्हणून रुजू न होणाऱ्या उमेदवाराची जागा पुढच्याला जाते. नियुक्तिपत्रात रुजू होण्याचा दिनांक दिलेला असतो. प्रसूती वा आजारपणामुळे त्या दिवशी जाणे शक्य नसेल, तर मुदत संपण्यापूर्वी वैद्यकीय प्रमाणपत्रासह लेखी मुदतवाढ मागावी आणि अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाची पोच घ्यावी. सध्याच्या रुग्णालयातील राजीनामा नियुक्तिपत्र हाती पडल्यावरच द्यावा, व तेथून निघताना अनुभवाचा आणि कार्यमुक्तीचा असे दोन्ही दाखले घेऊन निघावे.