लकव्यानंतरचा खांदा

पंधरा-वीस वर्षांपूर्वी गडचिरोली म्हटलं की मलेरिया आणि कुपोषण आठवायचं. लकवा म्हणजे शहरातल्या सुखवस्तूंचा आजार, अशी समजूत. ती मोडली गडचिरोलीत काम करणाऱ्या ‘सर्च’ या संस्थेच्या पाहणीने. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात ८६ गावांतल्या १,५९९ मृत्यूंची कारणं शोधली, तर २२९ जण लकव्याने गेलेले निघाले. इतर कुठल्याच कारणाने एवढे मृत्यू झाले नव्हते. डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी हे २०१५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात आणखी एक आकडा आहे: लकव्याच्या या मृतांपैकी ८७ टक्के घरीच दगावले.

जे वाचतात तेही घरीच असतात. जिल्ह्यातल्या आरमोरीच्या आसपासच्या गावांत त्यांचा फिजिओथेरपिस्ट म्हणजे बायको, सून नाहीतर नातू. आणि खांद्याचं दुखणं बरंचसं त्यांच्याच हातून, मायेपोटी, वाढतं.

खांद्याची वाटी उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा तिथे मुख्यतः स्नायूच धरून ठेवतात. लकव्याने ते ढिले पडले की हाताच्या वजनानेच गोळा खाली सरकतो. अशा माणसाला लुळा हात ओढून उठवलं, की आतल्या शिरा-स्नायूंना इजा होते. पुढे स्नायू ताठरतात, हात छातीशी आवळला जातो, खांदा आखडतो. मग जोरजोरात मालिश सुरू होते!

डॉक्टरांच्या जगातही चुका कमी झाल्या नाहीत. दोरी-कप्पीने हात वर ओढण्याचा व्यायाम एकेकाळी सर्रास दिला जाई. १९९० मध्ये अमेरिकेत अवघ्या २८ रुग्णांवर तुलना झाली: कप्पीवाल्या गटात ६२ टक्क्यांचा खांदा दुखू लागला, थेरपिस्टने हलक्या हाताने हालचाल करून दिलेल्यांत ८ टक्क्यांचा. गळ्यातल्या झोळीचंही तसंच. उभं राहताना तिचा आधार ठीक, पण दिवसभर घातली तर हात त्याच स्थितीत आखडतो. नंतर ताठरलेले स्नायू सैल करणारी बोट्युलिनमची इंजेक्शनं आली, खांद्याची नस बधिर करण्याचा उपाय आला. काहींना गुण येतो, पण ते तालुक्याच्या गावी मिळणं कठीण.

इथे चालण्याजोगं जे आहे ते साधं आहे. बसताना हाताखाली उशी, कूस बदलताना खांद्याला आधार, उठवताना हाताऐवजी कमरेला धरणं. अडचण भाताच्या रोवणीच्या दिवसांत येते. घरचे सगळे बांधीत, म्हणजे शेतात, आणि रुग्ण संध्याकाळपर्यंत एकटा. रक्तदाबाच्या चौकशीला आशाताई घरोघर जातेच. हात कसा धरायचा हे तिला शिकवलं, तर निदान शेजारणीला तरी दाखवून जाईल.