मन्रोव्हिल : कादंबरीतलं कोर्ट आणि खरं कोर्ट

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात मन्रोव्हिल हे जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव आहे. मॉन्टगोमेरीहून मोटारीनं दोनेक तास लागतात. गावच्या चौकात लाल विटांची, वर पांढरा घुमट असलेली १९०३ सालची कोर्टाची इमारत आहे. आता तिथे संग्रहालय आहे, आणि माणसं येतात ती हे कोर्ट बघायलाच.

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’च्या लेखिका हार्पर ली १९२६ मध्ये याच गावात जन्मल्या. वडील अमासा कोलमन ली वकील होते. लहानपणी ली वरच्या सज्जात बसून त्यांचं कामकाज बघत. त्याच सज्जाला कादंबरीत मोठी जागा मिळाली : काळ्या लोकांनी बसायचं ते तिथेच. काळ्या टॉम रॉबिन्सनवर गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा आळ येतो, त्याचा वकील अ‍ॅटिकस फिंच तो पुराव्यानिशी खोटा पाडतो, आणि तरीही गोरे ज्युरी टॉमला दोषी ठरवतात. १९६० मध्ये पुस्तक आलं, पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालं. चित्रपटासाठी हॉलिवूडमध्ये या कोर्टाची प्रतिकृती उभारली, इतकं ते न्यायदालन नाट्यमय आहे.

लींचं घर मात्र पाडलं गेलं. त्या जागी आज आइस्क्रीम-बर्गरचं दुकान आहे. शेजारी लेखक ट्रुमन कपोटी लहानपणी राहत; त्या घराचीही आता दगडी भिंतच तेवढी उरली आहे.

दर वसंतात गावातले हौशी कलाकार या कादंबरीचं नाटक करतात. पहिला अंक बाहेर हिरवळीवर, दुसरा थेट कोर्टात. ज्युरी प्रेक्षकांतूनच निवडतात. टॉमला दोषी ठरवण्याचं काम पैसे देऊन आलेल्या पाहुण्यांच्या वाट्याला येतं, ही कल्पना मला नाटकाहून सरस वाटते.

पण हे गाव फक्त कादंबरीसाठी बघणं अपुरं आहे. १९१९ मध्ये अमासा ली यांनी खुनाच्या आरोपातल्या दोन काळ्या माणसांचा बचाव केला होता. दोघंही फासावर गेले. १९३० च्या दशकात वॉल्टर लेट या काळ्या माणसाला याच काउंटीत गोऱ्या स्त्रीवरच्या बलात्काराबद्दल मृत्युदंडाची शिक्षा ठोठावली गेली. पुढे ती जन्मठेपेवर आली, पण तो कैदेतच क्षयानं गेला.

आणि ही केवळ जुन्या काळाची गोष्ट नाही. १९८६ मध्ये गावातल्या एका लाँड्रीत गोऱ्या तरुणीचा खून झाला. वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या लाकूडतोड्याला अटक झाली. त्या सकाळी तो घरी होता. चर्चच्या मदतीसाठी तिथे मासे तळून विकले जात होते आणि अनेकांनी त्याला पाहिलं होतं. साक्षीदार काळे होते, त्यांचं कुणी ऐकलं नाही. खटला शेजारच्या, बहुतांश गोऱ्या बाल्डविन काउंटीत हलवला. ज्युरीत अकरा गोरे आणि एक काळा. ज्युरींनी जन्मठेप सुचवली, न्यायाधीशांनी ती डावलून मृत्युदंड दिला. खटला उभा राहण्याआधीच मॅकमिलियनला मृत्युदंडाच्या कैद्यांच्या कोठडीत ठेवलं होतं! वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांनी त्याच्यासाठी लढा दिला आणि १९९३ मध्ये मॅकमिलियन निर्दोष सुटला. अ‍ॅटिकसच्या अभिमानात रमलेल्या गावाला आपल्या खऱ्या टॉमची आठवण फारशी नको असते, हे स्टीव्हन्सन यांनी ‘जस्ट मर्सी’ या पुस्तकात नोंदवलं आहे, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

मन्रोव्हिलला जायचा योग आलाच तर नाटकाची तिकिटं आधी काढा, कारण ती लवकर संपतात. आणि निघण्यापूर्वी ‘जस्ट मर्सी’ वाचून जा. मॅकमिलियनच्या खटल्यात वापरला गेलेला, ज्युरीचा कौल मोडून मृत्युदंड देण्याचा न्यायाधीशांचा अधिकार अलाबामानं रद्द केला तो २०१७ मध्ये.