ल्युपस : बरे वाटले तरी लघवीची तपासणी सोडू नये

वस्तीतल्या एखाद्या तरुण मुलीचे सांधे दुखतात, केस मूठमूठ गळतात, तोंडात फोड येतात, बारीक ताप अंगात राहतो आणि उन्हात गेली की नाकावर-गालांवर लाल चट्टा उठतो. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. शेजारीण म्हणते बाहेरचे काही आहे. गावातला डॉक्टर सलाईन लावतो, दोन दिवस बरे वाटते. असे कित्येक महिने गेल्यावर ती अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात नाहीतर लातूरला पोहोचते, रक्त तपासले जाते आणि कागदावर एक अनोळखी शब्द येतो : ल्युपस. काही डॉक्टर एस.एल.ई. असे लिहितात, आजार तोच.

आपली प्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या जंतूंशी लढण्यासाठी असते. ल्युपसमध्ये ती आपल्याच अवयवांना परके समजून त्यांच्यावर हल्ला करते. दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ बायका असतात, आणि बहुतेकींना हा आजार 15 ते 45 या वयात गाठतो. तो संसर्गाने पसरत नाही. ताट-तांब्या, अंथरूण वेगळे करण्याचे काहीही कारण नाही. कुणाच्या करणीचा तर प्रश्नच नाही.

या आजारात जीवाला सर्वांत मोठा धोका ज्या अवयवांकडून येतो त्यांत किडनी येते, म्हणून या वेळी आम्ही फक्त किडनीबद्दल लिहीत आहोत. किडनी म्हणजे बारीक चाळण्यांचा गठ्ठा. रक्तातली घाण लघवीत जाते, कामाचे प्रोटीन रक्तातच राहते. ल्युपसमुळे या चाळण्यांना सूज आली की त्यांची भोके मोठी होतात आणि प्रोटीन लघवीत गळू लागते. लघवीला फेस येतो, सकाळी पापण्या सुजतात, संध्याकाळी पायावर बोट दाबले तर खळगा पडतो. पण घात असा की पुष्कळदा यातले काहीच दिसत नाही. गोळ्यांनी सांधे मोकळे होतात, चट्टा जातो, मुलगी कामाला लागते आणि आत किडनी खराब होत राहते. दुखत नाही म्हणून कळत नाही. बरे वाटणे आणि किडनी बरी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट तपासणीशिवाय समजत नाही.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. गरोदर बाईची लघवी ए.एन.एम. ताई ज्या पट्टीने तपासतात, त्याच पट्टीवर प्रोटीन दिसते. पट्टीचा रंग बदलला की एक अधिक, दोन अधिक असे लिहितात. पण पट्टीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. त्याच डाळीत तांब्याभर पाणी जास्त घातले की वरण पातळ होते, डाळ मात्र तेवढीच असते. तसेच पाणी भरपूर प्यालेल्या बाईची लघवी पातळ असते, पट्टीवर प्रोटीन कमी दिसते. म्हणून डॉक्टर लघवीतले प्रोटीन आणि लघवीतलेच क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढायला सांगतात. लघवी पातळ असो की दाट, हा आकडा फारसा हलत नाही. सकाळची पहिली लघवी दिली तर उत्तम. पाळी चालू असताना नमुना देऊ नये.

कधी चोवीस तासांची लघवी मागतात. त्यात चूक होते ती पहिल्याच पायरीला. सकाळी सहाला उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची दिवसभराची आणि रात्रीची सगळी कॅनमध्ये धरायची आणि दुसऱ्या दिवशी सहाची धरून थांबायचे. मध्ये एक जरी बाहेर गेली तरी आकडा खोटा येतो.

निरोगी माणसाचे गुणोत्तर 0.2 च्या खाली असते. ल्युपसच्या रुग्णात ते 0.5 च्या वर टिकून राहिले, किंवा लघवीत रक्ताच्या पेशी दिसू लागल्या, की डॉक्टर बहुधा बायोप्सी सुचवतात. ‘किडनीचा तुकडा काढतात’ हे ऐकून घरचे घाबरतात आणि रुग्णाला परत घेऊन येतात. प्रत्यक्षात सुईने शेवईएवढा बारीक धागा काढतात, तो भाग आधी बधिर करतात आणि एक दिवस झोपवून लक्ष ठेवतात. आजार कोणत्या वर्गातला आहे हे त्याशिवाय नीट कळत नाही, आणि औषध किती जोरदार द्यायचे ते त्यावर ठरते. आमचे मत विचाराल तर डॉक्टरांनी सांगितलेली बायोप्सी टाळू नये.

औषध लागू पडते की नाही, हे कसे ओळखायचे? समजा, उपचार सुरू होताना गुणोत्तर 3.2 आहे. तीन महिन्यांत ते निदान पाव भागाने उतरायला हवे, म्हणजे 2.4 च्या आसपास. सहा महिन्यांत निम्म्यावर, म्हणजे 1.6 पर्यंत. वर्षाच्या आत 0.5 ते 0.7 च्या खाली आले तर उत्तम. सुरुवातीलाच प्रोटीन खूप जास्त गळत असेल तर आणखी सहा महिने ते वर्ष लागू शकते. म्हणून पहिल्या महिन्यात आकडा तसाच दिसला तर निराश होऊ नये. पण सहा महिन्यांनंतरही तो जागचा हलला नसेल तर ‘औषध बदलायचे का?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. तो आपला हक्क आहे. त्याआधी एक प्रश्न डॉक्टर तुम्हाला विचारतील : गोळ्या रोज घेतल्या का? खरे सांगावे. पैसे नव्हते म्हणून आठवडाभर घेतल्या नसतील तर तेही सांगावे, नाहीतर गरज नसताना जास्त कडक औषध सुरू होईल.

एक प्रयोगशाळा 2.1 असे लिहिते, दुसरी 2100 लिहिते. दोन्ही एकच आहेत, एकक वेगळे. रिपोर्ट पाहून घाबरण्याआधी आकड्यापुढचे एकक वाचून घ्यावे.

रक्तातले क्रिएटिनिनही दर वेळी पाहतात, पण त्याच्यावर विसंबू नये. किडनीचे जवळपास निम्मे काम गेल्यावर ते ठळकपणे वाढते, आणि अंगाने बारीक बाईत तर आणखी उशिरा. ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग लघवी कशाला तपासायची’ असे कुणी म्हटले तर ऐकू नये. याशिवाय सी-3, सी-4 आणि अँटी-डीएस-डीएनए या रक्ताच्या तपासण्या असतात. पहिल्या दोन उतरू लागल्या आणि तिसरी चढू लागली तर आजार पुन्हा उसळण्याची शक्यता असते. त्या महाग आहेत, दर महिन्याला लागतीलच असे नाही. लघवी आणि बी.पी. मात्र प्रत्येक भेटीत. बी.पी. 130/80 च्या खाली हवे. त्यासाठी लोणचे, पापड, खारे शेंगदाणे आणि ठेच्यातले मीठ आवरावे लागते. विहारात बचत गटाने एक बी.पी.चे यंत्र ठेवले तर अख्ख्या वस्तीच्या कामी येईल.

आता आपल्या भागाची खरी अडचण. धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की टोळ्या हलू लागतात. बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतात. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापणार, मग लघवी तपासायला कोण जाणार? नेमक्या याच महिन्यांत ऊन अंगावर येते, आणि ऊन ल्युपस उसळवते. अंगदुखीवर दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी घेतली जाते, आणि ती किडनीला आणखी मारते. जमेल तर अशा बाईला कोयत्यावर पाठवूच नये. पाठवावेच लागले तर निघण्याआधी तपासणी करून घ्यावी, जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या लिहून घ्याव्यात आणि बायोप्सीचा व शेवटच्या तपासणीचा कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. कोल्हापूरचे सी.पी.आर., मिरज आणि सोलापूरची सरकारी रुग्णालये, पुण्याचे ससून, यांतले जे जवळ असेल तिथे हा फोटो दाखवला तर उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला रुमाल रोज हवाच.

पैशांबद्दल : 15 ऑगस्ट 2023 पासून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या खात्याकडे आहेत, तिथे थोडे शुल्क लागते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णांसाठी आहे. दर महिन्याची तपासणी त्यात बसेल असे धरून चालू नये.

औषधांपैकी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बहुतेकींना वर्षानुवर्षे घ्यावे लागते. सुरू केल्यावर पहिल्या वर्षात एकदा डोळ्यांचा पडदा तपासावा, पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनीत दोष असेल तर आणखी लवकर. स्टेरॉइडने चेहरा गोल होतो म्हणून मुली ते गुपचूप सोडतात. अचानक सोडलेले स्टेरॉइड जीवावर बेतू शकते, मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतात. प्रोटीन आटोक्यात आल्यावरही किडनीचे औषध साधारण तीन वर्षे तरी चालते.

लग्न झालेल्या मुलींच्या सासरच्यांसाठी एक गोष्ट. ल्युपस असलेली बाई आई होऊ शकते. पण आजार सहा महिने शांत असायला हवा, आणि दिवस राहण्याच्या आधी मायकोफिनोलेट बदलून ॲझाथायोप्रिन सुरू करावे लागते, कारण पहिले औषध बाळाला व्यंग आणते. बी.पी.च्या आणि प्रोटीन रोखणाऱ्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र बाळंतपणातही चालू ठेवतात. तोपर्यंत पाळणा लांबवण्याचे साधन वापरावे, पण कोणते ते डॉक्टरांना विचारूनच. गर्भनिरोधक गोळी प्रत्येकीला चालत नाही.

आणि ही औषधे चालू असताना ताप आला तर क्रोसिन घेऊन दोन दिवस वाट पाहायची नाही. प्रतिकारशक्ती दाबलेली असते, संसर्ग भराभर पसरतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि ‘मला ल्युपस आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे.