अष्टप्रधान आणि नवा छत्रपति

ता. ३ एप्रिल १६८० रोजीं शिवछत्रपति रायगडावर कैलासवासी झाले, तेव्हां अष्टप्रधानांच्या निष्ठेची खरी परीक्षा सुरू झाली. थोरले पुत्र संभाजीराजे पन्हाळ्यावर. धाकटे राजाराम अवघे दहा वर्षांचे. अण्णाजी दत्तो आदि मंडळींनीं त्याच महिन्यांत राजारामांस मंचकीं बसविलें, आणि मोरोपंत पेशव्यांसह ते संभाजीराजांस धरावयास निघाले. संभाजीराजे मध्यंतरीं मोगलांस मिळाले होते, ही सबब अगदींच पोकळ नव्हती. परंतु अल्पवयी धन्याच्या नांवें कारभार आपल्याच हातीं राहतो, हा मोह त्यांत नव्हता असें कोण म्हणेल? सेनापति हंबीरराव मोहिते हे तर राजारामांचे मामा. त्यांनीं भाच्याचा पक्ष न धरितां या प्रधानांसच कैद करून संभाजीराजांपुढें उभें केलें. असा दरबारी विरळा! पुढें अण्णाजींस क्षमा मिळाली, अधिकारही मिळाला. १६८१ सालीं पुन्हां कट उघडकीस आला व त्यांस देहान्त शासन झालें.

आमच्या मतें दोष केवळ माणसांचा नव्हे. प्रधानांचीं कर्तव्यें ठरलेलीं होतीं. गादीवर कोणीं बसावें, हें मात्र लेखी नियमानें ठरलेलें नव्हतें. १७०७ सालीं तोच प्रसंग पुन्हां आला: सेनापति धनाजी जाधव शाहूंस मिळाले, आणि परशुराम त्रिंबक प्रतिनिधि ताराबाईंकडेच राहिले.